लाल शाई कोणाच्या वाट्याला?

नियोजनवहीसाठी रंगीत लेखण्या आणि मार्कर कोणते घ्यावेत, हा प्रश्न तत्त्वचिंतनाच्या पंक्तीत बसविण्याजोगा आहे असे प्रथमदर्शनी कोणासही वाटणार नाही. आमच्या इंदूरच्या खजुरी बाजारात शाळा उघडण्याच्या सुमारास वह्यापुस्तकांच्या दुकानांपुढे जी दाटी होते, तीत मुलांच्या जोडीने आता नोकरीपेशातील स्त्रीपुरुषही दिसतात. कोणी बारा रंगांच्या जेलपेनांचा संच घेतो, कोणी पिवळ्या-गुलाबी हायलायटरची जोडी. मग घरी वर्षाची वही उघडून रंगांची वाटणी सुरू होते : कचेरी निळी, घर हिरवे, देवकार्य केशरी, देणीघेणी जांभळी. इतके झाले की मनास एक विलक्षण स्वस्थता लाभते. ही स्वस्थता कशाची आणि तिच्यावर आपला हक्क किती, एवढाच आमचा प्रश्न आहे.

रंगीत शाईचा सोस नवा नव्हे. जुन्या पोथ्या ज्यांच्या देव्हाऱ्यात आहेत, त्यांनी पाहिले असेल की मजकूर काळ्या शाईने आणि अध्यायसमाप्तीचे वाक्य, श्लोकांक, दंड हे हिंगुळाने किंवा गेरूने लिहिलेले असतात. वाचणाऱ्याची नजर भरकटू नये, कोठे थांबावयाचे ते त्यास कळावे, हा त्यातील हेतू. युरोपातही हेच घडले. कायद्याच्या ग्रंथांतील शीर्षके तांबड्या मातीच्या रंगाने लिहीत, आणि त्या मातीच्या लॅटिन नावावरून आलेला ‘रुब्रिक’ हा शब्द आम्हा वकिलांच्या कानांवर अद्याप पडतो. 1973 पासून घरोघरी भिंतीवर लटकणाऱ्या ‘कालनिर्णया’तही सुट्टीचा दिवस लालच असतो.

सरकारी दप्तरात तर रंगास अधिकाराचे तेज चढले. केंद्र सरकारच्या कार्यालयीन कार्यपद्धतीच्या नियमांप्रमाणे सर्वांनी निळी वा काळी शाई वापरावी. हिरवी किंवा लाल वापरण्याची मुभा सहसचिव आणि त्यावरील अधिकाऱ्यांस, तीही क्वचित प्रसंगी. एखाद्या फायलीवर हिरवी अक्षरे दिसली की खालची मंडळी सावरून बसतात, ते त्या अक्षरांतील विचार पाहून नव्हे.

याउलट आपल्या व्यापाऱ्याची वही पाहा. बाहेरून लाल कापडाची, लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुंकवाने पुजलेली. आत मात्र एकच शाई. जमा डावीकडे, नावे उजवीकडे. रंगाचे काम जागेने भागविले. एकाच शाईने लिहिणाऱ्यास जी शिस्त लागते, ती बारा रंग बाळगणाऱ्यास लागत नाही, असे आम्हास वाटते. मात्र बारा रंग बाळगणारे आमचे काही स्नेही आमच्याहून अधिक वक्तशीर आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे. रायडर कॅरल ह्या अमेरिकन गृहस्थाने 2013 मध्ये जी वही-पद्धत लोकांपुढे मांडली, तीही मुळात एका साध्या वहीवर आणि एका लेखणीवर चालणारी होती. तिला रंगांची आरास नंतर अनुयायांनी चढविली. संप्रदायांचे असेच होते.

निवडीच्या व्यावहारिक बाजूविषयी फार लिहिण्याची गरज नाही. स्पिरिटवर चालणारा मार्कर पातळ कागदाच्या पाठीवर उमटतो आणि मंगळवारची निकड बुधवारच्या पानावर सांडते. म्हणून पाण्यावर आधारलेली शाई बरी. 1971 मध्ये जर्मनीत ‘स्टॅबिलो बॉस’ निघाल्यानंतर जगभर परिचित झालेल्या चमकत्या हायलायटरचा रंग उन्हात लवकर विटतो, तेव्हा जपून ठेवावयाच्या कागदास तो लावू नये. ज्या रंगाचा अर्थ आठवण्यासाठी पहिले पान उलटावे लागते, तो रंग वहीतून काढून टाकावा.

पुसता येणाऱ्या शाईविषयी मात्र थोडे थांबावे लागेल. लेखणीच्या टोकाच्या रबराने घासले की उष्णतेने ही शाई अदृश्य होते. साठ अंशांच्या आसपास तापमान गेले की झाले. वैशाखात बंद मोटारीत काचेखाली वही विसरलेल्या माणसाचा महिनाच्या महिना कोरा होऊ शकतो. पण आमची हरकत उष्णतेस नाही. दस्तऐवजात चूक झाली तर आम्ही ती रेघ मारून खोडतो आणि शेजारी आद्याक्षरी करतो. खोडलेले वाचता आले पाहिजे, हा दंडक आहे. पोथीलेखक चुकीवर पिवळा हरताळ फासत, त्यावरून आपला वाक्प्रचार आला. (संपाचा हरताळ निराळा, तो बाजाराच्या कुलुपातून आला.) त्या पिवळ्या डागावरून येथे काही बदलले, एवढे तरी पुढच्या वाचकास कळे. ‘रविवारी काकांस भेटणे’ हे पाचदा पुढे ढकलले आणि पाचही वेळा निःशेष पुसले गेले, तर सहाव्या रविवारी ती नोंद पहिल्यासारखी निष्पाप दिसते. खोडाखोडीची कुरूप वही निदान खरे बोलते.

ह्याहून मोठी फसवणूक नोंदीचीच आहे. 1872 च्या पुरावा कायद्याच्या 34 व्या कलमात एक सुज्ञ तत्त्व होते : धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद पुराव्यात घेता येते, परंतु केवळ त्या नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही. 1998 मध्ये जैन हवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लावले, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. नोंदीस बाहेरचा आधार हवा. नियोजनवहीस हे कलम लावून पाहावे. केशरी अक्षरांत लिहिलेली संध्याकाळची उपासना, हिरव्यात लिहिलेला मुलाचा अभ्यास, ह्यांना वहीबाहेर साक्षीदार आहे काय? रात्रीची ती स्वस्थता आम्हास संशयास्पद वाटते ती येथे. केल्याचे समाधान लिहिताक्षणीच उपभोगून झालेले असते, आणि मग करण्यास उरतो तो केवळ त्रास.

आणि कामांस निरनिराळे रंग देता येतात, हे तरी कितपत खरे? महाभारताच्या शांतिपर्वात धर्म, अर्थ आणि काम ह्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद पांडवांत रंगला आहे. विदुर धर्माचा पक्ष घेतो, अर्जुन अर्थाचा, भीम कामाचा. नकुल-सहदेव अर्थ आणि धर्म एकमेकांत गुंफून पाहतात. युधिष्ठिराचा ओढा मोक्षाकडे. प्रत्येकाने आपल्या स्वभावाप्रमाणे लेखणी उचलली, असे म्हणावयास हरकत नाही. आमचा कौल नकुल-सहदेवांस आहे. देवस्थानातील सेवेची पाळी आली आणि त्याच दिवशी गरीब अशिलाची सुनावणी निघाली, तर ती सुनावणी निळी की केशरी? तिला निळ्यात टाकणारा माणूस देवळात अधिक धार्मिक आणि कचेरीत थोडा सैल होण्याचा संभव असतो. धर्मास स्वतंत्र रंग दिला की उरलेल्या रंगांतून तो हद्दपार होतो, हा धोका देवळाशी बांधलेल्या आपल्यासारख्या समाजास विशेष आहे.

तरीही एक रंग आम्ही राखून ठेवू, तो लाल. वकिलाच्या रोजनिशीत लाल शाई मुदतीची असते. 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे दिवाणी हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयात अपील करण्यास नव्वद दिवस, इतर न्यायालयांत तीस. बाकीचे काम पुढे ढकलता येते. हे ढकलले तर हक्क जातो. लाल कशास द्यावा, ह्याचे उत्तर ह्यातच आहे. मोठा आवाज करणाऱ्या कामास तो देऊ नये. जे टळले असता पुन्हा मिळत नाही, त्यास द्यावा. परंतु कायद्याची मुदत परिशिष्टात छापलेली असते, आणि पुरेसे कारण दाखविल्यास 5 व्या कलमान्वये उशीर क्षम्यही होतो. वृद्ध आईशी सावकाश बोलण्याची मुदत कोणत्या परिशिष्टात आहे? ती केव्हा संपली ते संपल्यावर कळते, आणि तेथे विलंबमाफीचा अर्ज घेणारे कार्यालय नाही. म्हणूनच असली कामे बहुतेक वह्यांत फिक्या रंगात आढळतात, किंवा मुळीच आढळत नाहीत.

आमच्या परिचयाचे एक वकील महिन्यातून दोन शनिवार देवासला आईकडे जातात. त्यांच्या रोजनिशीत ते शनिवार अपिलाच्या तारखांच्या ओळीत, त्याच लाल शाईने लिहिलेले असतात. त्यांचा लेखनिक नवा होता तेव्हा त्याने विचारले, “साहेब, हा दावा कोणत्या कोर्टात आहे?” वकीलसाहेबांनी त्यास दाव्याचे नाव सांगितले नाही, त्या दिवशी दुसरी तारीख घेऊ नये, एवढेच सांगितले.