मुष्टियोद्धा आणि त्याचा प्रेक्षक

माझ्या भाच्याने मुष्टियुद्धाचा धंदा करावा की नाही, असा प्रश्न माझ्या बहिणीने मला टाकला आहे. मुलगा वीस वर्षांचा आहे. अंधेरीच्या एका व्यायामशाळेत रोज तीन तास घाम गाळतो, आणि हौशी सामने पुष्कळ झाले, आता पैसे घेऊन लढणार, असे म्हणतो. आमच्या घराण्यात कारकुनी, मास्तरकी आणि फार तर वकिली ह्यांपलीकडे आजवर कोणी गेलेले नाही. तेव्हा बहिणीची झोप उडाली असल्यास नवल नाही. “दादा, तू चार पुस्तके वाचली आहेस, तूच त्याला सांग,” असे ती म्हणते. चार पुस्तके वाचलेल्या माणसाची अडचण अशी की त्याला दोन्ही बाजू दिसतात. आणि भाच्याला तर एकच बाजू हवी आहे.

ह्या वेडाचे मूळ मला ठाऊक आहे. ५ ऑगस्ट २०१७ रोजी वरळीच्या नॅशनल स्पोर्ट्स क्लबच्या घुमटाखाली विजेंदर सिंग आणि चीनचा झुल्पिकार मैमैतिअली ह्यांचा सामना झाला. भाचा तेव्हा शाळेत होता. वडिलांबरोबर तो सामन्यास गेला आणि दुसऱ्या दिवशी वर्सोव्यास माझ्याकडे आला, तो घसा बसलेलाच. नारळी पौर्णिमा एका दिवसावर आली होती. कोळीवाड्यात होड्यांना रंग चढत होता. मी त्याला घेऊन खाडीकडे फिरावयास गेलो, तर वाटेत माझ्या ओळखीचा एक वृद्ध तांडेल जाळे सांधीत बसला होता. त्याच्यापुढे भाच्याने दहाही फेऱ्या हातवाऱ्यांनिशी पुन्हा लढवून दाखविल्या. म्हाताऱ्याने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “आणि हरला त्याला काय मिळाले?” भाच्याला सांगता आले नाही. मलाही नाही.

बहिणीचा मुख्य आक्षेप पैशाविषयी आहे. खेळ हा खेळ म्हणून खेळावा, त्याचा बाजार मांडू नये, हे मत आपल्या सुशिक्षित वर्गात फार प्रतिष्ठित आहे, आणि मीही पुष्कळ वर्षे ते बाळगले. परंतु आपल्याच प्रांतातील एका मल्लाचे चरित्र पाहिले म्हणजे त्याचा रंग उडू लागतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीस गेले आणि कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. ह्या शुद्ध हौशी पराक्रमाचा खर्च कोणी केला? कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. आणि परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून, त्यांत लढून, ते ऋण फेडले. म्हणजे जे पदक पैशाच्या स्पर्शाने विटाळले असते, ते पदरात घेतल्याचे देणे शेवटी पैशाच्या कुस्तीनेच भागविले. पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात नोकरीस लागले. १९८४ साली अपघातात वारले. आणि अर्जुन पुरस्कार मिळावयास त्यांना मरणानंतर पंधराहून अधिक वर्षे थांबावे लागले. हौशीपणाचा सोवळा नियम ज्यांना पोटाची चिंता नव्हती अशा लोकांनी केला, आणि तो पाळण्याचा भार मात्र इतरांवर पडला, असे मला आता वाटते. आपल्या जत्रांतील इनामाच्या कुस्तीत हे ढोंग नव्हते. नारळापासून चांदीच्या कड्यापर्यंत काय मिळणार ते आधीच जाहीर असे, आणि ते घेण्यात मल्लाला लाज वाटत नसे.

तेव्हा पैशाचा आक्षेप मी बाजूला ठेवतो. मग धोक्याचा घ्यावा काय? तोही टिकत नाही. तो तांडेल पन्नास वर्षे समुद्रावर गेला. त्याच्या घरची दोन माणसे परत आली नाहीत. त्याने धंदा सोडावा असे कोणी म्हटले नाही, आणि पापलेट खाताना माझ्या घशाखाली घास अडकला नाही. विहीर खोदणारा, गटारात उतरणारा, उंच इमारतीच्या बांबूच्या पराच्यांवर चढणारा, हे सगळे देह पणास लावूनच भाकरी मिळवितात.

परंतु येथे एक भेद आहे, आणि माझ्या मते सर्व प्रश्न त्यातच आहे. कोळ्याला समुद्र बुडवितो, तो त्याच्या धंद्यातील अपघात होय. कोणी बुडावे म्हणून मासळीचे गिऱ्हाईक पैसे देत नाही. कुस्तीतही हाड मोडते, पण तो हेतू नव्हे; पाठ मातीला लागली की काम संपले, आणि चितपट झालेला मल्ल अंगाची माती झाडून उठतो. मुष्टियुद्धात मात्र समोरच्याचे भान हरपणे हाच विजयाचा परमोत्कर्ष आहे. हातमोज्यांनी खेळ सौम्य झाला असे सांगतात. क्वीन्सबेरीच्या नावाने ओळखले जाणारे नियम १८६७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून ते मोजे आले. पण त्यांनी मुख्यतः मारणाऱ्याची बोटे वाचविली, आणि त्यामुळे डोक्यावर निर्धास्तपणे मारता येऊ लागले. १९२८ साली अमेरिकेतील मार्टलंड नावाच्या डॉक्टरने जुन्या मुष्टियोद्ध्यांची अवस्था वैद्यकीय पत्रात वर्णन केली: पाय ओढत चालणे, हात कापणे, बोलणे अडखळणे, दारू न पिता दारुड्यासारखे दिसणे. त्याने जे लिहिले ते प्रेक्षकांना आधीपासून ठाऊक होते. त्या अवस्थेला त्यांच्या बोलीत शब्दही रूढ होता.

ह्यावर भाच्याचे उत्तर तयार आहे. “मामा, दोघेही राजीखुशीने उतरतात.” खरे आहे. पण राजीखुशी कोठून येते तेही पाहावे. विजेंदर भिवानीजवळच्या कालुवास गावचा, बसचालकाचा मुलगा. २००८ साली बीजिंगला कांस्यपदक मिळवून २०१५ साली तो धंदेवाईक झाला. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, पॅसिफिक महासागरात, सामोआ म्हणून बेटे आहेत. त्यांची एकंदर वस्ती अंधेरीच्या एखाद्या भागात सहज सामावेल. तेथील लोक न्यूझीलंडमध्ये मजुरीस गेले, आणि त्यांच्या मुलांनी जगाला वजनदार मुष्टियोद्धे पुरविले. डेव्हिड तुआ हा त्यांपैकी एक. १९९२ साली बार्सिलोनास कांस्य, १९९६ साली जॉन रुईझसारख्या प्रतिस्पर्ध्याचा अवघ्या १९ सेकंदांत निकाल, २००० साली लास व्हेगासमध्ये लेनॉक्स लुईसशी जगज्जेतेपदाचा सामना आणि पराभव. आणि त्यानंतर आपल्याच व्यवस्थापकांशी पैशांवरून वर्षानुवर्षे न्यायालयात भांडण, ते शेवटी तडजोडीने मिटले. ठोसे खाल्ले कोणी आणि हिशेब ठेवला कोणी, एवढे त्यावरून समजते.

तरीही गरिबाच्या पोराला स्वतःचे हित कळत नाही असे म्हणण्यास माझी जीभ वळत नाही. तुआसारखाच सामोअन वंशाचा जोसेफ पार्कर २०१६ साली ऑकलंडमध्ये जगज्जेत्यांच्या मालिकेत जाऊन बसला. त्याला सामोअन परंपरेतील कुलप्रमुखाची पदवी मिळाली आहे. रिंगणात तो एकटा उतरतो, पण त्याच्या मागे सारे कूळ उभे असते. हा मान त्याला दुसऱ्या कोणत्या धंद्याने दिला असता? नॉर्वेने १९८१ साली धंदेवाईक मुष्टियुद्धावर बंदी घातली होती. तिने मुष्टियोद्धे नाहीसे झाले नाहीत, ते फक्त सीमेपलीकडे जाऊन लढू लागले. २०१४ साली ती बंदी उठली. बंदीने प्रश्न सुटतो असे मला वाटत नाही.

राहता राहिला प्रेक्षक. वरळीच्या त्या रात्री आपण काय विकत घेतले? डोकलाम येथे भारताचे आणि चीनचे सैन्य जूनपासून समोरासमोर उभे होते. तो पेच ऑगस्टच्या अखेरीस सुटला. सामन्याच्या आधीची सगळी हवा त्या वैराने तापलेली होती. भाचा सांगतो की घुमटाखाली गर्जना चालली होती ती एका देशाच्या नावाची, माणसाच्या नव्हे. दहा फेऱ्या झाल्या, कोणी खाली पडला नाही, अंतर थोडे होते, परंतु तिन्ही पंचांनी विजेंदरच्या बाजूने कौल दिला. आणि मग त्याने असे काही केले की माझ्या मते त्याच्या साऱ्या कारकिर्दीत तेवढे एक कृत्य विचार करण्याजोगे आहे. हा पट्टा मला नको, तो मी झुल्पिकारला परत देतो, सीमेवर तणाव नको, अशा आशयाचे तो बोलला.

ही जाहिरात होती, असे कित्येक म्हणाले. असेलही. माणसाच्या हेतूत शंभर नंबरी सोने मी आजवर पाहिलेले नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी: त्या सभागृहात झुल्पिकारचा प्रत्यक्ष मार खाल्लेला माणूस एकच होता, आणि द्वेष नाकारणाराही तोच. ज्यांच्या अंगाला धक्काही लागला नव्हता, त्यांना तो हवा होता; त्यासाठीच त्यांनी तिकिटे काढली होती. विजेंदरने पट्टा झुल्पिकारला देऊ केला, पण वैर आपल्या हाती परत ठेवले. ते घेऊन आपण काय केले? “विजेंदरचे मन मोठे,” असे म्हणून घरी गेलो. भाच्याला हे मी म्हटले तेव्हा तो चिडला. आणि त्याच्या चिडण्यात मला आशा वाटते.

पुढची गोष्ट थोडक्यात आहे. १९ मार्च २०२१ रोजी पणजीस, मांडवीत उभ्या असलेल्या एका जुगारनौकेच्या छतावर रिंगण मांडले गेले. विजेंदर तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. बारा सामने न हरलेला हा माणूस रशियाच्या आर्तिश लोपसानपुढे पाचव्या फेरीत टिकू शकला नाही. वरळीस कंठ फुटेपर्यंत ओरडलेल्या माझ्या भाच्याला ही बातमी दोन दिवसांनी, दुसऱ्या कोणाकडून कळली. मी त्याला दोष देत नाही. मला ती महिन्याने कळली.

गेल्या रविवारी मी त्याला विचारले की वरळीच्या त्या दुसऱ्या माणसाचे नाव तुला आठवते काय. थोडा वेळ तो आठवू पाहत राहिला, मग म्हणाला, “तो चिनी.” नंतर स्वतःच ओशाळला, आणि संध्याकाळपर्यंत शोधून पुरे नाव मला सांगून गेला. तो पुढे कोणाकोणाशी लढला, हे मात्र अजून शोधतो आहे.

बहिणीला मी हो किंवा नाही असे काही कळविलेले नाही. सामना ठरला तर मी जाणार आहे, एवढेच सांगितले आहे. आणि भाच्याला सांगितले आहे की समोर उभा राहणाऱ्या मुलाचे नाव, गाव आणि हरल्यास त्याला काय मिळणार, हे आधी विचारून ये. व्यायामशाळेत असे कोणी विचारीत नाही, असे तो म्हणतो. तरी विचारतो म्हणाला आहे.