आडवी बाटली, उभा ग्लास

महाराष्ट्रात दारूवर मतदान होतं, हे माझ्या ऑफिसातल्या बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. पण होतं. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. आडवी बाटली जिंकायला मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे जी बाई त्या दिवशी सोयाबीन सोंगायला गेली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला.

मी वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावचा. पुण्यात कोड लिहितो, आणि महिन्यातून एखाद्या शुक्रवारी मित्रांसोबत एका स्पॅनिश धर्तीच्या वाइन बारमध्ये जातो. पिवळा मंद उजेड, लाकडी टेबलं, आवाज इतकाच की समोरच्याचं बोलणं ऐकू यावं. संत्र्याच्या फोडी घातलेली सांग्रिया जगमधून येते. सोबत तापास, म्हणजे छोट्या छोट्या बश्या. स्पॅनिशमध्ये तापा म्हणजे झाकण. त्यातल्या एका बशीत भाजलेल्या पावावर टोमॅटो चोळून, वर तेल-मीठ घातलेलं असतं. आमच्याकडे शिळ्या भाकरीवर टोमॅटोची चटणी घेतात, त्याचाच हा दूरचा भाऊ.

तिथला एक फोटो मी स्टेटसला टाकला. गावाकडून मावसबहिणीचा मेसेज आला, "दादा, तू बी पेतं काय?"

एवढंच. पण तिच्या घरात या प्रश्नाचं वजन वेगळं आहे. मावसाजींच्या दारूत दोन एकर वावर गेलं. मावशी अजून दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाते.

पहिलं उत्तर बोटांवर तयार होतं : अगं, ती दारू नाही, वाइन आहे. हे उत्तर माझ्या एकट्याचं नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा हाच युक्तिवाद जाहीरपणे झाला. द्राक्ष उत्पादकांचा फायदा पुढे केला गेला. विरोधही मोठा झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. वाद दोन्हीकडून रंगला, पण रसायन तेच राहिलं. वाइनमध्ये असतं ते इथेनॉल आणि देशीच्या क्वार्टरमध्ये असतं तेही इथेनॉल. प्रमाण कमी-जास्त, पदार्थ एक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं, की आरोग्याला निर्धोक म्हणावं असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. ही गोष्ट सांग्रियालाही लागू आहे. तेव्हा ते उत्तर मी पाठवलं नाही.

दुसरं उत्तर अधिक प्रामाणिक वाटतं : फरक पिण्यात नाही, पिण्याच्या पद्धतीत आहे. यात तथ्य आहे. खात खात, गप्पा मारत, दोन तासांत दोन ग्लास रिचवणं आणि उपाशीपोटी उभ्याउभ्या क्वार्टर घशात ओतणं या शरीरासाठी वेगळ्या गोष्टी आहेत. गावात माणूस घाईने पितो, कारण कुणी पाहील ही धास्ती असते. लाज बसायला देत नाही. बारमध्ये खुर्ची आहे, जेवण आहे, पाणी आहे, म्हणून सावकाशी आहे. पण ती सावकाशी विकत घेतलेली आहे. ज्याच्याकडे पैसे, त्याच्या पिण्याला संस्कृती म्हणायचं आणि ज्याच्याकडे नाहीत, त्याच्या पिण्याला व्यसन, हा हिशेब मला पटत नाही. पगारदार माणूसही खुर्चीवर बसून, जेवता जेवता, सावकाश व्यसनी होऊ शकतो. त्याचं वावर विकलं जात नाही, म्हणून ते लवकर दिसत नाही, इतकंच.

मग त्या बारमध्ये मला खरं काय आवडतं, याचा विचार केला. स्पॅनिशमध्ये सोब्रेमेसा नावाचा शब्द आहे. जेवण झाल्यावरही न उठता टेबलाशी रेंगाळत, बोलत बसण्याचा वेळ. आमच्याकडे हा वेळ पाराला असतो. फक्त पारावर बाई नसते. आसेगावसारख्या गावात बाईने संध्याकाळी काही काम नसताना, नुसतं बसायचं म्हणून बसावं, अशी जागा मला आठवत नाही. नळावर पाण्यासाठी, देवळात देवासाठी, ओट्यावर तांदूळ निवडत. बारमध्ये शेजारच्या टेबलावर दोन बायका मोठ्याने हसत होत्या आणि कुणी मान वळवून पाहिलं नाही. मला मोकळं वाटलं ते त्यामुळे. त्यात वाइनचा वाटा थोडा होता.

इथून ते मतदान मला वेगळं दिसू लागलं. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली. बंदीने दारू खरंच थांबते का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. पण आडव्या बाटलीच्या नियमामागे एक नैतिक शहाणपण आहे, जे बंदीच्या यशापयशावर अवलंबून नाही. पिणारा एक आणि किंमत मोजणारा दुसरा असेल, तर निकाल द्यायचा हक्क किंमत मोजणाऱ्याचा. ज्या टेबलावर बाईला कधी जागाच नव्हती, त्याचं बिल मात्र वर्षानुवर्षं तिच्याकडे आलं. मत हा तिने त्या बिलावर घेतलेला आक्षेप आहे.

'माझे पैसे, माझं शरीर, तुम्हाला काय?' हे वाक्य माझ्या पिढीला आवडतं. मलाही. पण ते खरं ठरायला एक अट आहे : बिल सगळं माझ्याकडेच यायला हवं. परतताना मी गाडी चालवली, तर ते रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे जातं. रात्री उशिरा चढलेल्या आवाजात मी वेटरशी बोललो, तर त्याच्याकडे जातं. उद्या लग्न झाल्यावर माझा शुक्रवार रोजचा झाला, तर घरात वाट पाहणारीकडे जातं. म्हणून ग्लास उचलण्याआधी विचारायचा प्रश्न 'हे चांगलं की वाईट' इतका मोठा नसतो. याची किंमत कोण मोजणार आणि त्या माणसाला कुणी विचारलंय का, एवढाच असतो.

याने मी निर्दोष ठरत नाही. मावसाजींनीही सुरुवातीला असंच काहीतरी म्हटलं असेल, की मी माझ्या पैशाने पितो. त्यांच्यात आणि माझ्यात एक दणकट भिंत आहे, असं मी मानत नाही. मधे पगार आहे, शिक्षण आहे, नशीब आहे. यातलं काहीही ढासळू शकतं.

म्हणून बहिणीला लिहिलं, "हो, कधीकधी पितो. दारूच आहे ती. मी जास्त प्यायला लागलो असं वाटलं, तर मला विचारायचा हक्क तुला आहे."

तिने अंगठा पाठवला नाही की रागावलेला चेहराही नाही. बऱ्याच वेळाने लिहिलं, "मंग विचारीन. अन् पुण्याला आली का मले बी ने तिथं. मी लिंबू सरबत पेईन."