ड्रायव्हर, गाढव आणि कुंभाराचा बाप

ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर टाकला आणि वाय-फाय गेलं, असं कुणी सांगितलं की ऐकणारा तत्काळ ड्रायव्हरला दोषी धरतो. वर्ध्याला लागून असलेली पिपरी मेघे असो की पुण्याचा आयटी पार्क, ही घाई सगळीकडे सारखीच. भारतीय तर्कपरंपरेतल्या न्यायदर्शनाने तिला केव्हाच अडवलं आहे. कार्याच्या आधी नेमाने हजर असणं कारण ठरायला पुरत नाही. ती हजेरी अन्यथासिद्ध नसावी लागते, म्हणजे त्या वस्तूला वगळून कार्याचा उलगडा होत असेल तर ती कारण नव्हे. विश्वनाथ पंचाननांच्या ‘भाषापरिच्छेदा’च्या परंपरेतली उदाहरणं प्रसिद्ध आहेत. माती वाहणारं गाढव घड्याच्या आधी असतं, कुंभाराचा बापही असतो. घड्याचं कारण म्हणून मात्र दोघांनाही मोजत नाहीत.

2019 मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकाचं वाय-फाय पडदा 2560 बाय 1440 वर ठेवला की तुटायचं, अशा तक्रारी त्याच वर्षी आल्या. या रेझोल्यूशनला एचडीएमआयच्या प्रत्येक तारजोडीवरून सेकंदाला सुमारे 241.5 कोटी बिट धावतात. वाय-फायच्या पहिल्या चॅनेलचा मध्य 2412 मेगाहर्ट्झवर आहे. चित्राच्या तारेतून गळणारा गोंगाट अशा वेळी नेमका वाय-फायच्या पट्ट्यात उतरू शकतो. आता समजा, नव्या ड्रायव्हरने आपणहून हेच रेझोल्यूशन निवडलं. मग तो कारण की कुंभाराचा बाप? जुना ड्रायव्हर परत टाकून तेच रेझोल्यूशन लावावं. वाय-फाय तरीही गेलं तर ड्रायव्हर सुटला. मग एचडीएमआयची तार काढून पाहावी. वाय-फाय परतलं की तार पुन्हा जोडावी. ते पुन्हा गेलं, तर अन्वय (कारण असलं की कार्य होणं) आणि व्यतिरेक (कारण नसलं की कार्य न होणं), दोन्ही हाताशी येतात.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, जुना ड्रायव्हर टाकल्यावर नेट चालू झालं, तेवढं बास. पण त्या एका कृतीत रेझोल्यूशन बदललं, संगणक पुन्हा सुरू झाला, वाय-फाय कार्डही नव्याने जागं झालं. यांतल्या कशाने काम केलं ते कळलंच नाही, आणि दोष पुढच्या अपडेटला परत येणार. चार्वाकाचा आक्षेप याहून खोल आहे: शंभरदा पाहिलं तरी एकशेएकाव्या वेळी तसंच होईल याची हमी काय? न्यायपरंपरेतल्या उदयनाचार्यांचं उत्तर मला पटतं. शंकेला व्यवहारातल्या विरोधाची सीमा असते. धुरासाठी अग्नी पेटवणारा माणूस त्यांच्या संबंधावर खरी शंका घेत नसतो.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा. ही कसोटी यंत्राला ठीक, नैतिक जगाला ती कशी लागू होणार? 15 जानेवारी 1934 चा बिहारचा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाचं फळ आहे, असं गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. हा संबंध आपल्याला सिद्ध करता येणार नाही, हे गांधीजींनीही मान्य केलं, तरी श्रद्धा सोडली नाही. त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे, पण जगातल्या घटनेविषयी दावा केला की तो कसोटीखाली येतोच, आणि इथे अन्वयच तुटतो: अस्पृश्यता देशभर होती, ढिगाऱ्याखाली बिहार आणि नेपाळ गेले, आणि त्या ढिगाऱ्यात ज्यांना अस्पृश्य मानलं गेलं तेही होते. पापाचं फळ पाप सोसणाऱ्यालाच देणारी ही कारणमीमांसा न्याय्यही ठरत नाही. अस्पृश्यतेविरुद्ध लढायला तिची गरजही नव्हती. 1928 साली जमनालाल बजाजांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांना खुलं केलं, तेव्हा त्यांना कुठल्या भूकंपाचा दाखला लागला नव्हता.