दैव पाचवं आहे



आजचा श्लोक गीतेच्या अठराव्या अध्यायातला चौदावा. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत अर्जुनाला सांगतात: अधिष्ठान, कर्ता, करणं, चेष्टा आणि पाचवं दैव. शंकराचार्य आणि ज्ञानेश्वर माऊली, दोघेही अधिष्ठान म्हणजे हा देह असाच अर्थ घेतात. पाठ करताना हा श्लोक पटकन पुढे सरकतो, कारण ती एक यादी वाटते. मी मात्र गेलं वर्षभर तिथेच थांबलोय. त्याला कारण आमच्या भंडारा जिल्ह्यातला एक रस्ता.

माझा मामेभाऊ नागपुरात नोकरीला, गाव लाखनी तालुक्यात. सुट्टीला बाइकनेच घरी जातो. लाखनीपर्यंत राष्ट्रीय महामार्ग 53, तिथून आत वळलं की साधा डांबरी रस्ता. कार्तिकात धान निघतं, आणि आमच्याकडे बरेच लोक ते रस्त्यावरच वाळत घालतात. वरून गाड्या जाऊ नयेत म्हणून कडेने दगड मांडतात. संध्याकाळी धान गोळा होतं, दगड तिथेच राहतात. अंधारात त्यातल्याच एका दगडावर त्याचं पुढचं चाक गेलं. वेग फार नव्हता, 40-45 असेल.

डोक्यावर आयएसआय मार्कचं फुल-फेस हेल्मेट होतं, पट्टा नीट लावलेला. पायात चप्पल, अंगात अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट. हेल्मेटचा हनुवटीकडचा भाग घासून पांढराफटक झाला होता, पण डोक्याला आणि जबड्याला काहीही नाही. उजवा घोटा मोडला. टाचेवरची कातडी गेली. हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलला.

सिनेमात हिरो पडतो, पट्टी बांधतात आणि पुढच्या सीनला तो चालायला लागतो. इथे घोट्यात प्लेट आणि स्क्रू बसले, टाचेवर लावायला मांडीची कातडी काढली. ऑपरेशनचं काही वाटलं नाही, ड्रेसिंगची वेळ झाली की मात्र घाम फुटायचा, असं तो सांगतो. तीन महिने पाय टेकवायचा नाही. धान घरात यायच्या दिवसांत मामी शेत सोडून त्याच्या उशाशी. एकतीस वर्षांच्या मुलाला आईने अंघोळ घालायची, बेडपॅन द्यायचं. तो म्हणाला, "दादा, दुखणं सहन होते, हे नाही होत." पुढे फिजिओथेरपी सुरू झाली. पायाची बोटं स्वतःकडे ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची. आता तो चालतो. मांडी घालून मात्र बसता येत नाही, म्हणून काकड्याला तो मागे खुर्चीवर बसतो.

हॉस्पिटलमध्ये भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मामी एकच सांगायची, "देवानंच वाचवलं बाबू." शेजारच्या खाटेवर एक पोरगा होता, विशीतला. त्यालाही बाइकचाच अपघात, हेल्मेट आरशाला लटकवलेलं. तिसऱ्या रात्री तो गेला. सकाळी कुणी पाहुणे आले, मामीने सवयीने तेच वाक्य सुरू केलं आणि मध्येच गिळलं. त्या मुलाची आई चार हातांवर पिशवीत डबा आणि चादर भरत होती.

मी तिथेच उभा होतो. देवाने याला वाचवलं, तर मग त्याला काय, सोडून दिलं? हे वाक्य त्या आईसमोर म्हणता येत नसेल, तर आपल्या घरात तरी ते खरं कसं?

मामीचं वाक्य कृतज्ञतेचं आहे आणि त्यात खोट नाही. गडबड तेव्हा होते जेव्हा आपण कृतज्ञतेला स्पष्टीकरण समजतो. "देव तारी त्याला कोण मारी" म्हणत बिनहेल्मेट निघणारा माणूस पाचपैकी चार कारणं खोडून टाकतो आणि सगळा भार पाचव्यावर देतो. भगवंतांनी दैव नाकारलेलं नाही, पण ते मोजलंय शेवटी. त्याआधी देह, करणारा, साधनं आणि हालचाल. (करणं म्हणजे भाष्यकारांच्या मते इंद्रियं. मी ती ओढून हेल्मेटपर्यंत नेतोय, हे मान्य. पण बुद्धी ज्या कवटीत राहते तिचं काय?)

आणि दोनच श्लोक पुढे, सोळाव्यात, भगवंत म्हणतात की जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसतच नाही. "माझा हात साफ आहे, मला गिअर कशाला" म्हणणाऱ्या आपल्या रायडर मित्रांसाठी हा श्लोक आहे. हात साफ असेल रे, पण दगड तू मांडला नव्हतास. टेललाइट नसलेली ट्रॉली तुझी नाही, मध्येच येणारं रानडुक्कर तुझं नाही. देवावर सगळं टाकणारा आणि स्वतःवर सगळं घेणारा, दोघेही हेल्मेट आरशालाच लटकवतात, ही गंमत बघा.

साधन काम कसं करतं, तेही सांगतो, इंजिनिअरला राहवत नाही. हेल्मेटचं बाहेरचं कवच नाही, आतला थर्माकोलचा जाड थर खरा राखणदार. आपटल्यावर तो चेपतो, त्यामुळे डोकं थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो आणि मेंदूला बसणारा धक्का कमी होतो. 1935 मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' मोटरसायकल अपघातात गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या सर्जनने पुढे याचा अभ्यास केला आणि 1941 मध्ये क्रॅश हेल्मेटचं महत्त्व मांडणारा लेख लिहिला. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2008 च्या कॉक्रेन आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्के कमी होतो असं निघालं. शंभर टक्के नाही. उरतं त्याला दैव म्हणा, माझी हरकत नाही.

सत्संगात एक प्रश्न हमखास येतो: देह नश्वर आहे, त्याचे एवढे लाड कशाला? नश्वर आहेच. पण तो मोडला की दुसरं कुणीतरी तो उचलतं, धुतं, कूस बदलतं. घोटा झाकणारा बूट, जाड पूर्ण बाह्या, ग्लोव्हज, जमलं तर खांद्या-कोपराला पॅड असलेलं जॅकेट, यांचा संबंध मरणाशी कमी आणि पडल्यानंतरच्या तीन महिन्यांशी जास्त. विदर्भातल्या मे महिन्यात जॅकेट नको वाटतं, कळतं मला. जाळीची जॅकेटं मिळतात. सगळ्यांना परवडत नाहीत, तेही खरं. चपलेऐवजी बूट मात्र बहुतेकांच्या घरात असतात.

ते घासलेलं हेल्मेट मामीने देवघराजवळ ठेवलंय, कुंकू लावून. भाऊ ते परत वापरायला निघाला होता. म्हटलं, पूजा कर, घालू नको. आतला थर एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही. त्याने नवीन घेतलं, आणि माझ्या आग्रहाने दोन घेतली. 2022 मध्ये देशात हेल्मेट न घातलेले 50,029 जण गेले, त्यातले 14,337 मागे बसलेले होते. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, पण आमच्याकडे आई-मावश्या पदर सावरत एका बाजूला बसतात आणि त्यांच्या डोक्याचा विचार कुणी करत नाही.

दुसरं हेल्मेट मामीचं. अंबाड्यामुळे ते नीट बसत नाही म्हणून ती कुरकुरत होती. परवा फोनवर म्हणाली, बाहेर जायचं असलं की आता वेणी घालते.

राम कृष्ण हरी.