पुरुषत्वाचं औषध आणि बापपणाचा प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेच्या एका चाचणीचे निष्कर्ष 1990 साली प्रसिद्ध झाले. सात देशांतल्या 271 निरोगी पुरुषांना दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचं 200 मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं गेलं होतं, आणि ते गर्भनिरोधक म्हणून चालतं का, हे पाहायचं होतं. सहा महिन्यांच्या आत जवळपास दोनतृतीयांश पुरुषांच्या वीर्यात एकही शुक्रजंतू उरला नाही. पुढे वर्षभर फक्त या इंजेक्शनच्या भरवशावर राहिलेल्या जोडप्यांत एकच गर्भधारणा झाली. यानंतर बावीस वर्षांनी, 2012 मध्ये, अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांची एक पाहणी छापून आली. मूल होत नसलेल्या पुरुषांना तुम्ही काय देता, या प्रश्नाला उत्तर देणाऱ्यांपैकी पाव डॉक्टरांनी त्यासाठी टेस्टोस्टेरॉनही दिल्याचं सांगितलं. जे औषध मूल होऊ नये म्हणून तपासलं गेलं आणि त्या कामी बऱ्यापैकी उतरलं, तेच मूल व्हावं म्हणून लिहून दिलं जात होतं, आणि लिहून देणारे चांगले शिकलेसवरलेले विशेषज्ञ होते.

टेस्टोस्टेरॉनने शुक्रजंतू का थांबतात, ते समजायला अवघड नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडते. एलएचच्या हुकमाने वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होतं. एफएसएच शुक्रजंतूंना पोसणाऱ्या पेशींना कामाला लावतं. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन पुरेसं आहे असं दिसलं की पिट्युटरी हात आखडता घेते. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत टँकरचं पाणी ओतलं की खालचा पंप सुरूच होत नाही, तसंच हे. पंप बंद पडल्याचा फटका नेमका वृषणाला बसतो, कारण शुक्रजंतू घडायला वृषणाच्या आत रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, आणि ते तिथेच तयार व्हावं लागतं. दंडात टोचलेलं इंजेक्शन ती पातळी गाठू शकत नाही. अशा माणसाचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. रक्ताच्या रिपोर्टात टेस्टोस्टेरॉन झकास, त्याखाली एलएच आणि एफएसएच जवळजवळ शून्य, आणि वीर्यतपासणीच्या कागदावर शुक्रजंतूंच्या रकान्यात ‘निल’.

गफलतीचं मूळ औषधशास्त्राच्याही मागे आहे. जोम, दाढीमिशा, कामेच्छा आणि संतती हे सगळं एकाच साठ्यातून येतं, असं आपण गृहीत धरतो. हा समज आजचा नाही. 1889 मध्ये ब्राउन-सेकार या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने वयाच्या बहात्तराव्या वर्षी कुत्र्याच्या आणि गिनिपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचं जाहीर केलं. त्या अर्कात काम करण्याजोगं संप्रेरक जवळपास नव्हतंच. मुंबईच्या लोकलमधून दिसणाऱ्या भिंतींवर ‘मर्दाना कमजोरी’ आणि ‘निःसंतान’ हे शब्द एकाच जाहिरातीत नांदतात, तेही याच समजातून. शरीर मात्र हे दोन विषय वेगळे ठेवतं. भरघोस दाढीच्या, उत्तम टेस्टोस्टेरॉन असलेल्या माणसाच्या वीर्यात शुक्रजंतू अजिबात नसू शकतात, आणि ज्याचं टेस्टोस्टेरॉन कमी आहे तो बाप होऊ शकतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच की पुरुषाला यातलं कोणतंही औषध देण्यापूर्वी मूल हवं आहे का, आणि बिघाड नेमका कुठे आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं हातात हवीत. ती नसतील तर औषध म्हणजे अंधारात मारलेला दगड.

बिघाड सापडला, आणि तो वरच्या हुकमातच असला, तर औषधं खरोखर थक्क करतात. काही पुरुषांत मेंदूकडून पिट्युटरीला संदेशच जात नाही. कालमन सिंड्रोम हा त्यातला एक प्रकार. या मुलांना वास येत नाही, आणि वयात येण्याच्या खुणा दिसत नाहीत. त्यांना एचसीजी हे एलएचचं काम करणारं संप्रेरक आठवड्यातून दोन-तीनदा टोचतात आणि गरजेप्रमाणे एफएसएचची जोड देतात. सहा महिने ते दोन वर्षं धीर धरला तर बहुतेकांच्या वीर्यात शुक्रजंतू दिसू लागतात. या औषधांचा इतिहासही मजेशीर आहे. एचसीजी गर्भवती स्त्रियांच्या लघवीतून मिळवलं गेलं आणि एफएसएचचं सुरुवातीचं औषध पाळी गेलेल्या स्त्रियांच्या. त्यासाठीची लघवी इटलीतल्या वृद्ध जोगिणींच्या मठांतून गोळा होत असे. पुरुषांच्या बापपणाला जोगिणींचा हातभार लागला, ही गोष्ट भिंतीवरच्या जाहिरातदारांना सुचली नसती. प्रोलॅक्टिन वाढवणारी पिट्युटरीतली गाठ असेल तर कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी बऱ्याचदा चित्र पालटतं. पण हे रुग्ण थोडे असतात.

उरतात ते बहुसंख्य, ज्यांचा शुक्रजंतूंचा काउंट कमी आहे आणि कारण सापडत नाही. इथे क्लोमिफेन येतं. 1967 मध्ये अमेरिकेत ते स्त्रियांच्या बीजनिर्मितीसाठी मंजूर झालं, आणि पुरुषांसाठी तिथे आजही त्याला अधिकृत मंजुरी नाही. ते मेंदूला इस्ट्रोजेनची जाणीव होऊ देत नाही, म्हणून एलएच-एफएसएच वाढतात आणि वृषणातलंच टेस्टोस्टेरॉन वाढतं. ज्याचं टेस्टोस्टेरॉन कमी आहे आणि ज्याला मूलही हवं आहे, त्याच्यासाठी हा सयुक्तिक पर्याय आहे. लठ्ठ पुरुषांत चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते, तिथे हे रूपांतर रोखणाऱ्या अ‍ॅनास्ट्रोझोलचाही विचार होतो. मात्र संप्रेरकं ठीक असलेल्या माणसाला क्लोमिफेन देऊन मूल होतं का? जागतिक आरोग्य संघटनेची 1992 ची चाचणी नाही म्हणते. खोटी गोळी घेतलेल्या गटापेक्षा त्यात जास्त गर्भधारणा झाल्या नाहीत. यावर अनुभवी डॉक्टर म्हणतील, आमच्याकडे काउंट वाढताना आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. पाहिले असतीलच. पण एकाच माणसाचा काउंट महिन्यागणिक प्रचंड वरखाली होतो, आणि औषध सुरू होतं ते सर्वांत वाईट रिपोर्ट हातात आल्यावर. पुढचा रिपोर्ट काहीही न करता सुधारण्याचीच शक्यता अधिक, आणि श्रेय गोळीला जातं. खोटी गोळी घेणारा गट लागतो तो याचसाठी.

हीच कथा अँटिऑक्सिडंटच्या पुड्या-गोळ्यांची, फक्त इथे पैसा जास्त आहे. झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिडची 2370 जोडप्यांवरची अमेरिकी चाचणी 2020 मध्ये छापून आली: औषध घेतलेल्या गटात 34 टक्के जोडप्यांना मूल झालं, न घेतलेल्यांत 35 टक्के. जीवनसत्त्वं, सेलेनियम, कार्निटिन, लायकोपीन यांच्या मिश्रणाची चाचणी त्याच वर्षी आली. तिच्यातही वीर्य सुधारलं नाही. लहान लहान चाचण्या एकत्र केल्या की फायदा दिसतो, हे खरं. सदोष चाचण्या बाजूला काढल्या की तो उरत नाही, हेही तितकंच खरं. ‘अपाय तर नाही ना?’ हा युक्तिवाद मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण त्यात वेळेचा हिशेब धरलेला नसतो. शुक्रजंतू घडायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून प्रत्येक औषधाचा ‘कोर्स’ तीन महिन्यांचा. असे चार कोर्स झाले की वर्ष गेलं, आणि ते वर्ष बायकोच्या वयातून गेलेलं असतं. शिवाय आपल्या घरांत तिच्या दुर्बिणीच्या तपासण्या आधी होतात. नवऱ्याची काही शे रुपयांची वीर्यतपासणी सर्वांत शेवटी, आणि तीही नाखुशीने. मूल न होण्याच्या साधारण निम्म्या प्रकरणांत पुरुषाचाही वाटा असतो, हे ठाऊक असूनही.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. ज्याचं टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी आहे, जो थकलेला आणि खचलेला आहे, त्याला केवळ मूल हवं म्हणून आराम नाकारायचा का? नाकारू नये, पण आधी खात्री करावी. सकाळी लवकर, वेगवेगळ्या दिवशी दोनदा तपासणी, आणि दोन्ही वेळा आकडा डेसिलिटरला 300 नॅनोग्रॅमच्या खाली, सोबत लक्षणं, ही अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांची 2018 ची कसोटी आहे. मग वजन, झोपेतलं घोरणं, मधुमेह यांच्याकडे पाहावं. तरीही औषध लागलंच तर मूल हवं असणाऱ्याला क्लोमिफेन किंवा एचसीजी देता येतं. ज्याचं कुटुंब पूर्ण झालं आहे त्याने टेस्टोस्टेरॉन घ्यायला माझी हरकत नाही. 2023 मध्ये आलेल्या पाच हजारांवर पुरुषांच्या चाचणीत हृदयविकाराचे झटके वाढल्याचं दिसलं नाही, मात्र हृदयाची अनियमित लय आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी यांचं प्रमाण थोडं जास्त होतं.

आणि जिममधल्या कुणाच्या सल्ल्याने ज्याने इंजेक्शनं आधीच घेतली आहेत त्याचं काय? 2006 मध्ये गर्भनिरोधाच्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. औषध बंद केल्यावर सहा महिन्यांत 67 टक्के पुरुषांचा काउंट मिलिलिटरला दोन कोटींपर्यंत परतला, वर्षात 90 टक्क्यांचा, आणि उरलेल्यांचा दोन वर्षांत. पण ते निरोगी स्वयंसेवक होते, त्यांचा डोस मोजलेला होता. पाच-सहा स्टेरॉइडं एकत्र, वर्षानुवर्षं आणि अंदाजाने घेणाऱ्याला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत; त्याने पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सगळं खरं सांगून वीर्यतपासणी करून घ्यावी. ज्याने अजून सुरुवात केलेली नाही, आणि पुढेमागे मूल हवं असेल, त्याला इंजेक्शनआधी वीर्याचा नमुना गोठवून ठेवता येतो. ही सोय आपल्याकडच्या मोठ्या शहरांत आज उपलब्ध आहे.