शेवटच्या दिवशी काय पाहावे?



मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी लागली की आपल्या मलकापूर भागातून मित्रमैत्रिणी मिळून शहराकडे निघतात. कोणी गोव्याला जातात, कोणी मुंबईला, तर कोणी जवळच्या कोल्हापुरातच दोन दिवस राहून येतात. शेवटच्या दिवशी सर्वांचीच धांदल उडते. संध्याकाळची एसटी गाठायची असते आणि पाहायचे बरेच राहिलेले असते. "इतके आलो, मग तेवढे पाहूनच जाऊ," असे म्हणत आपण धावत सुटतो. अशा वेळी आपल्या डोळ्यांनी प्रथम काय पाहावे? प्रश्न साधा वाटतो, पण तो आपल्या श्रद्धेचा प्रश्न आहे.

शुभवर्तमानातही शहर पाहायला आलेली अशी मित्रमंडळी आहे. येशूचे शिष्य गालीलच्या खेड्यापाड्यांतले, काही तर मासे पकडणारे. वल्हांडण सणासाठी ते येरुशलेमला आले होते. तेथील मंदिराच्या पुनर्बांधणीचे काम हेरोद राजाने ख्रिस्तपूर्व २० च्या सुमारास हाती घेतले होते. मंदिरातून बाहेर पडताना एक शिष्य त्या प्रचंड दगडांचे आणि भव्य इमारतींचे कौतुक येशूला सांगू लागला. खेड्यातल्या माणसाला असे वाटणे स्वाभाविकच आहे. येशूनेही येरुशलेमला आल्या दिवशी मंदिरात जाऊन सभोवार सर्व काही पाहिले होते, असे संत मार्क नोंदवतात. म्हणजे पाहण्यात पाप नाही.

परंतु शिष्य इमारतींविषयी बोलला, त्याच्या अगदी आधी संत मार्क काय सांगतात? येशू दानपेटीसमोर बसला होता. श्रीमंत लोक पुष्कळ पैसे टाकत होते. इतक्यात एक गरीब विधवा आली आणि तिने दोन लहान नाणी टाकली. गर्दीत तिच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. येशूने मात्र तिला पाहिले, शिष्यांना जवळ बोलावून दाखवले. त्या मंदिरातील ही त्याची अखेरची भेट होती. अखेरच्या भेटीत त्याने आपल्या मित्रांना दाखवली ती एक विधवा!

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर उद्ध्वस्त केले. मंदिराच्या आवाराच्या आधारभिंतीचा काही भाग तेवढा आज उभा आहे. पण त्या विधवेची दोन नाणी आजही शिल्लक आहेत. सामान्य काळाच्या ३२ व्या रविवारी, 'ब' वर्षात, जगभरच्या चर्चमध्ये तिचेच शुभवर्तमान वाचले जाते.

आपल्या कोल्हापूरचेच उदाहरण घ्या. नवा राजवाडा १८८४ साली पूर्ण झाला. तो पाहून आपण थक्क होतो, आणि व्हावेच. पण राजर्षी शाहू महाराजांचे मोठेपण त्या दगडांत आहे काय? गंगाराम कांबळे हा त्यांच्या पदरी नोकरीला असलेला दलित माणूस. पाण्याला शिवल्याबद्दल त्याला मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढण्यास मदत केली. मग स्वतः तेथे जाऊन ते सर्वांसमक्ष चहा पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. त्या रस्त्यावरून आपण कितीदा जातो! राजवाडा लक्षात राहतो, चहा राहत नाही.

कोणी म्हणेल, "सहल विरंगुळ्यासाठी असते, तेथेही उपदेश कशाला?" खरे आहे. थकलेल्या माणसाला मोकळा दिवस हवाच. विसावा हे देवाचेच दान आहे. पण विसाव्याच्या दिवशी आपण सोबतच्या माणसाला विसरलो, तर तो विसावा कसला? त्या विधवेला शोधायला दूर जावे लागत नाही. ती बहुधा आपल्याच गटात असते. सर्वांनी सारखी वर्गणी काढलेली असते. पण एकाची ती सहज खिशातून आलेली असते, तर दुसऱ्याने त्यासाठी महिनाभर काटकसर केलेली असते. तिकिटाच्या खिडकीपाशी "तुम्ही या जाऊन, मी इथेच बसतो" असे म्हणणारा खरोखर कंटाळलेला असतो की त्याचे पैसे संपलेले असतात? मागे पडलेल्या मावशींचे गुडघे दुखत आहेत, हे कोणी पाहिले? एक ठिकाण कमी पाहून त्यांच्यासोबत बसणे हीदेखील प्रीतीची कृती आहे.

हे आपल्याला इतरांपेक्षा अधिक समजायला हवे. विशाळगडाकडे, आंब्याकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या मलकापुरातून पुढे जातात. आपण त्यांच्या वाटेवरचे गाव. खिडकीतून आपल्याकडे पाहूनही न पाहणारे डोळे आपण रोज पाहतो. तसेच डोळे घेऊन आपण दुसऱ्याच्या शहरात का फिरावे?

येत्या सुट्टीत अवश्य जा, मनसोक्त पाहा. शेवटचा दिवस रविवार असेल तर मिस्सा चुकवू नका. आणि निघण्यापूर्वी एकदा सोबत्यांकडे नीट पाहून घ्या. प्रभू येशू आपल्याला त्याचे डोळे देवो.