विटणे आणि विरक्ती

गेल्या दिवाळीपूर्वी घराची झाडलोट चालू असताना माळ्यावरून एक पुठ्ठ्याचे खोके खाली आले. आत आमचा बालपणीचा टीव्ही गेम होता. दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट आणि बदके मारावयाची बंदूक, एवढाच तो संसार. २००९ च्या सुमारास, आम्ही नऊ वर्षांचे असताना, वडिलांनी तो मांडवीजवळच्या एका दुकानातून आणला होता. धाकट्या भावाने मोठ्या हौसेने धूळ पुसून तो टीव्हीला जोडला. बंदूक काही चालली नाही. पण मारिओ पूर्वीसारखाच धावू लागला. तेच संगीत, तेच खड्डे, तीच नाणी. आम्ही पाचदहा मिनिटे खेळलो आणि रिमोट खाली ठेवला. आई चकल्यांची भाजणी चाळीत बसली होती. ती हसून म्हणाली, "अरे, ह्याच्यापायी तू भरल्या पानावरून उठून जात होतास ना?" आम्हांस उत्तर सुचले नाही. खेळ तर तसूभरही बदलला नव्हता. मग गेले काय?

वाचकांस हा विषय प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. परंतु देवळात येणाऱ्या कुटुंबांतील कित्येक आईवडील आम्हांस विचारीत असतात, "तुला तर केवढा नाद होता! तो सुटला कसा, ते आमच्या चिरंजीवांना जरा सांग की." त्यावर आम्ही आजवर मोठ्या ऐटीने सांगत आलो की, वय वाढले, समज आली, नाद सुटला. पुजाऱ्याच्या मुलाच्या तोंडी हे उत्तर शोभूनही दिसते. त्या खोक्यापाशी बसून विचार केला तेव्हा मात्र ध्यानात आले की, हे उत्तर खरे नव्हे. ते का खरे नव्हे, आणि त्या खोट्या उत्तराने आमच्याच घरात काय नुकसान केले, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम ह्या खेळांचे स्वरूप पाहू. आपल्या जुन्या मोक्षपटाला शेवटचे घर असते. सापांच्या तोंडी जात, शिड्या चढत खेळणारा त्या घरात पोचला की खेळ संपला. पट गुंडाळावा आणि उठावे. व्हिडिओ गेमच्या आरंभकाळातील कित्येक प्रसिद्ध खेळांना असे घरच ठेवलेले नव्हते. १९८० साली जपानमध्ये निघालेल्या पॅक-मॅन ह्या खेळात प्रत्येक पटावर २४० ठिपके आणि ४ मोठ्या गोळ्या खावयाच्या असतात. त्या संपल्या की पुन्हा तसाच पट समोर येतो. २५६ व्या पटावर मात्र यंत्राची मोजणी कोलमडते आणि अर्धा पडदा निरर्थक अक्षरांनी भरून जातो. कारण पट मोजण्याची त्याची जागा २५५ च्या पलीकडचा आकडा धरू शकत नाही. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव यांनी रचलेल्या टेट्रिसचेही तसेच. निन्टेन्डो कंपनीने १९८९ मध्ये काढलेल्या त्याच्या आवृत्तीत, खेळता खेळता यंत्रच बंद पडावे इतक्या दूरवर माणूस पोचण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडला. तो पराक्रम केला अमेरिकेतील एका तेरा वर्षांच्या मुलाने. म्हणजे त्या खेळाचा शेवट पाहण्यास चौतीस वर्षे लागली! बाकीच्या कोट्यवधी लोकांनी तो पाहिलाच नाही. त्यांनी कधी तरी रिमोट खाली ठेवला, इतकेच. तात्पर्य, खेळ आपण होऊन संपत नाही. तो खेळणाऱ्याच्या मनात संपतो.

तो तेथे का संपावा? आम्हांस तीन कारणे दिसतात.

पहिले कारण राफ कोस्टर ह्या अमेरिकन खेळरचनाकाराने २००४ साली निघालेल्या आपल्या पुस्तकात मांडले आहे. खेळातील आनंद हा मुळात शिकण्याचा आनंद होय, असे त्याचे म्हणणे. मन खेळातील रीत शोधीत असते. ती सापडली, अंगवळणी पडली, की आनंद ओसरतो. मारिओच्या पहिल्या पटावर कोणता खड्डा कोठे आहे हे डोळे मिटून सांगता येऊ लागले, म्हणजे तेथे शिकण्यासारखे काय उरले?

दुसरे कारण शरीराचे. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली स्टारक्राफ्ट २ ह्या खेळाच्या १६ ते ४४ वर्षांच्या ३,३०५ खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडद्यावर नवे काही दिसल्यापासून हात हालेपर्यंतचा वेळ चोविसाव्या वर्षापासूनच वाढू लागतो, असे त्यांस आढळले. वडीलधारी खेळाडू ही उणीव साधेपणाने व युक्तीने भरून काढतात, हेही त्यांनी नमूद केले आहे. आम्ही पंचवीस पूर्ण केली आहेत. लग्नाच्या बाजारात आम्ही अजून कोवळे ठरतो, पण ह्या हिशेबाने हात उतरणीला लागले!

तिसरे कारण सोबतीचे, आणि आमच्या मते तेच सर्वांत मोठे. २०१८ साली पबजी मोबाइल आला. त्यात चौघांची तुकडी करून उतरता येते. आम्ही चार मित्र रात्री जेवणे आटोपली की कानाला यंत्र लावून आपापल्या घरी बसत असू. २०२० च्या टाळेबंदीत तर दिवस आणि रात्र ह्यांत भेदच राहिला नाही. त्याच वर्षी २ सप्टेंबरला केंद्र सरकारने त्या खेळावर बंदी घातली. पुढल्या वर्षी तो नव्या नावाने भारतात परत आला. परंतु तोवर एक मित्र पुण्यास नोकरीला गेला, दुसरा अहमदाबादेस, आणि तिसऱ्याच्या वडिलांचे दुकान त्याच्या गळ्यात पडले. आम्ही अनोळखी माणसांबरोबर खेळून पाहिले आणि आठवड्यात सोडून दिले. आमची ओढ बंदुकांची नव्हतीच. कानात येणारे ते तीन आवाज आम्हांस हवे होते.

येथे खोक्यातील त्या मुक्या बंदुकीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. तिचा घोडा दाबताच क्षणभर पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि नळीच्या तोंडातील डोळा तो प्रकाश टिपतो. हा सारा हिशेब जुन्या काचेच्या, पोटफुगीर टीव्हीवर बसविलेला. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र उमटण्याची रीतच निराळी. त्यामुळे हवा तो प्रकाश बंदुकीस हव्या त्या क्षणी मिळत नाही. बंदूक शाबूत आहे, कॅसेट शाबूत आहे. ज्या पडद्याशी तिचे जुळत होते तो पडदा मात्र भंगारात गेला. आमच्या आवडीचेही असेच झाले असावे.

आता वाचकांनीच सांगावे, ह्या तिन्ही कारणांत आमचे कर्तृत्व ते कोणते? खेळ पाठ झाला, हात मंदावले, मित्र पांगले. पोट भरलेल्या माणसाने ताट दूर सारले, तर त्याला कोणी उपवास म्हणत नाही. वस्तू गोड लागत असताना तिच्यावरून हात काढून घेणे ही विरक्ती. गोड लागेनाशी झाल्यावर हात निघणे हे नुसते विटणे. आम्ही विटलो होतो आणि विरक्ताचा आव आणीत होतो.

ह्याची एक कसोटी आहे. महाभारतातील ययातीने पुरू ह्या आपल्या पुत्राचे तारुण्य मागून घेतले, सहस्र वर्षे भोग भोगले, आणि भोगाने वासना शमत नाही हे ज्ञान पदरी घेऊन ते तारुण्य परत केले. मग आमची वासना दहाबारा वर्षांत कशी शमावी? उत्तर सोपे आहे आणि लाजिरवाणेही आहे. ती शमली नाही; तिने बिऱ्हाड बदलले. सकाळी वडिलांबरोबर यजमानांकडे जाऊन, दिवसभर औषधांच्या दुकानात उभे राहून आम्ही रात्री आडवे होतो, तेव्हा हातात तोच मोबाइल असतो आणि अंगठा एकामागून एक चित्रफिती सरकवीत असतो. तास जातो. उठल्यावर पाहिलेले एकही आठवत नाही. खेळात निदान हरण्याचे भय होते, कौशल्य होते, मित्राला वाचविण्याची धडपड होती. ती गेली आणि तिच्या जागी हे आले. आणि ह्यालाच आम्ही 'समज आली' म्हणत होतो!

कोणी म्हणेल, वयाबरोबर खेळाची आवडच जाते, हा निसर्गक्रम होय. तसे म्हणावे तर आमच्या बडोद्यातील उत्तरायण पाहावे. १४ जानेवारीस पहाटेपासून गच्च्या माणसांनी फुलतात. आमचे वडील अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. देवळातील पूजा आटोपली की ते सोवळे सोडून थेट गच्ची गाठतात. फिरकी आईच्या हाती, शेजारचे काका पेच लावावयास सज्ज, आणि पतंग कापला की सारी आळी 'काप्यो छे!' म्हणून ओरडते. वडिलांचे डोळे पूर्वीसारखे नाहीत, बोटे मांज्याने कापतात. पण रस कमी झालेला आम्ही पाहिला नाही. पतंगात शिकावयाचे राहिले आहे असेही नाही. तो वर्षातून दोनच दिवस येतो आणि शेजाऱ्यांना घेऊन येतो, म्हणून टिकतो. वयाने खेळ मारला नाही. एकटेपणाने आणि अतिरेकाने मारला.

आता ज्या नुकसानीचा उल्लेख आरंभी केला, तिच्याकडे वळतो. धाकटा भाऊ चौदा वर्षांचा आहे. गेली दोन वर्षे तो अधूनमधून येऊन म्हणत असे, "दादा, एक डाव खेळतोस का?" आणि आम्ही दर वेळी म्हणत असू, "आम्ही आता मोठे झालो. तूही पुरे कर." उपदेश देताना बरे वाटे. दिवाळीच्या त्या दिवशी आम्ही रिमोट खाली ठेवला, तेव्हा तो काहीच बोलला नाही. दुसरा रिमोट हातात धरून वाट पाहत बसला आणि मग मुकाट्याने दोन्ही वायरी गुंडाळू लागला. तेव्हा आमच्या ध्यानात आले की, कित्येक महिन्यांत त्याने आम्हांस खेळावयास बोलाविलेच नव्हते.

त्याच क्षणी एक जुनी संध्याकाळ आठवली. टीव्ही गेम घरात येऊन आठवडा झाला असेल. वडील शेजारती करून परतले, खांद्यावरचे उपरणे खुंटीला लावले, आमच्या शेजारी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "दे बघू तो दुसरा." रिमोट त्यांनी उलटा धरला होता. त्यांचा मारिओ पहिल्याच खड्ड्यात पडला, पुन्हा पडला, तिसऱ्यांदाही पडला. ते मनमुराद हसले. त्या खेळात वडिलांना तिळमात्र रस नव्हता. तरी ते अर्धा तास बसले, कारण त्यांना आमच्यात रस होता. आम्ही त्यांच्यापेक्षा शतपट चांगले खेळत होतो, पण ही गोष्ट आम्हांस पंधरा वर्षे साधली नाही.

ह्याचा अर्थ मुलांना मोकळे सोडावे असा कोणी घेऊ नये. खेळावरचा ताबाच सुटणे ह्या अवस्थेस जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या वर्गीकरणात स्थान दिले असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले आहे. झोप, जेवण, शाळा सुटू लागली तर 'वय झाले की सुटेल' असे म्हणत बसू नये, वैद्यांस विचारावे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यानेच मनाई केली आहे. परंतु जे मूल नुसते खेळते, त्याला विटलेल्या माणसाने विरक्ताच्या थाटात उपदेश करू नये. मुलांना तो ढोंगीपणा ताबडतोब कळतो.

गोडी उतरणे हा अपराध नव्हे. ती उतरल्याबद्दल शाबासकी घेणे हे असत्य आहे, आणि ज्याची गोडी अजून ताजी आहे त्याच्याकडे पाठ फिरविणे हे निष्ठुरपण आहे. म्हणून ज्या आईवडिलांनी आम्हांस प्रश्न विचारला त्यांस आमचे आजचे उत्तर हे: नाद आम्ही सोडला नाही, तो आम्हांस सोडून गेला, आपल्या चिरंजीवांस सांगण्याजोगे आमच्याजवळ काही नाही. मात्र आपणांस एक विनंती आहे. दिवसातून अर्धा तास त्याच्या शेजारी बसावे आणि दुसरा रिमोट मागून घ्यावा. खड्ड्यात पडलात तरी चालेल.

भाऊबीजेच्या रात्री आम्ही भावाला म्हटले, "एक डाव होऊन जाऊ दे." त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिले, मग खोके ओढून वायरी सोडवू लागला. आम्ही तीन वेळा हरलो. खेळाची गोडी परत आली, असे आम्ही म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी दुकानातून परतलो, तेव्हा तो दारातच उभा होता, आणि आम्ही चपला काढण्यापूर्वीच त्याने विचारले, "दादा, आज?"